घराचे शब्द, गावाचे शब्द

परकी भाषा लहान मुलांना शिकवावयाची तर प्रारंभ कोठून करावा, या प्रश्नाला बहुतेक पाठ्यपुस्तके एकच उत्तर देतात. आधी मुलाचे नाव आणि वय, मग रंग आणि अंक, त्यानंतर कुटुंबातील माणसे आणि मग घर व गाव. इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत फ्रेंच शिकणारी आठ-नऊ वर्षांची मुले आज याच वाटेने चाललेली आहेत. फळ्यावर घराचे चित्र येते आणि वर्ग एका सुरात म्हणतो : ‘ला क्विझीन’ म्हणजे स्वयंपाकघर, ‘ला शांब्र’ म्हणजे निजण्याची खोली, ‘ला साल द बँ’ म्हणजे स्नानगृह, ‘ल जार्दँ’ म्हणजे बाग. पुढे गावाचा नकाशा उघडतो आणि ‘ला बुलांजरी’ म्हणजे पावाची भट्टी-दुकान, ‘ला गार’ म्हणजे स्टेशन, ‘ल मार्शे’ म्हणजे बाजार, ‘ला मेरी’ म्हणजे नगरपालिकेची कचेरी, अशी यादी लांबत जाते. मुलांना हा तास आवडतो, शिक्षकांना तो सोपा वाटतो आणि पालकांना मूल ‘फ्रेंच बोलू लागले’ याचे समाधान मिळते. एवढी सोय ज्यात आहे त्या गोष्टीकडे संशयाने पाहणे अरसिकपणाचे वाटेल; तथापि शिक्षणात सोय आणि लाभ या दोन गोष्टी एकच असतात असे नव्हे. म्हणूनच या निरुपद्रवी दिसणाऱ्या यादीची जरा कसोशीने तपासणी होणे इष्ट आहे.

इंग्लंडमध्ये सात ते अकरा या वयाच्या मुलांना एक परकी भाषा शिकविणे सप्टेंबर २०१४ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमाने बंधनकारक केले. भाषा कोणती हे अभ्यासक्रम सांगत नाही; ती अर्वाचीन असो वा प्राचीन, निवड शाळेची. बहुसंख्य शाळांनी फ्रेंच निवडली, कारण फ्रान्स शेजारी आहे आणि शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः शाळेत थोडीफार फ्रेंच शिकलेली आहे. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे वाचली तर ती यादीच्या पाठांतराची नाहीत. मुलांनी माणसे, स्थळे, वस्तू आणि क्रिया यांचे तोंडी व लेखी वर्णन करावे, लिंगभेद व क्रियापदांची रूपे समजून घ्यावी, गाणी व गोष्टी यांचा आस्वाद घ्यावा, आणि चार वर्षांत एका भाषेत भरीव प्रगती करावी, असे तेथे म्हटलेले आहे. उद्दिष्ट उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. पण या कामासाठी आठवड्यातून किती वेळ द्यावा हे मात्र अभ्यासक्रमाने सांगितलेले नाही, आणि सारी मेख तेथेच आहे.

सर्वसाधारण शाळेत परकी भाषेच्या वाट्याला आठवड्यातून अर्धा ते पाऊण तास येतो. वर्षाचे अडतीस आठवडे धरले तर चार वर्षांत हे तास शहात्तर ते एकशे चौदा भरतात. स्नेहसंमेलने, सहली, परीक्षा आणि शिक्षकांच्या रजा यांत बुडणारे तास यातून वजा केलेले नाहीत. फ्रान्समध्ये वाढणारे मूल जागेपणीच्या आठवडा-दहा दिवसांत एवढे तास आपली भाषा ऐकते. लहान वयात भाषा ‘आपोआप’ येते, हा समज सर्वत्र मोठ्या श्रद्धेने जपला जातो. पण ती आपोआप येते ती भाषेत बुडालेल्या मुलाला. आठवड्यातून एकदा तिचा शिडकावा झालेल्या मुलाला नव्हे. उशिरा शिकू लागलेला मुलगा नियम समजून घेऊन, तुलना करून, वाचून शिकतो आणि थोड्या तासांत अधिक अंतर कापतो. लहान मुलाची बलस्थाने वेगळी आहेत. त्याचा कान ताजा असतो, जीभ लवचिक असते आणि चुकण्याची लाज त्याला अजून शिवलेली नसते. या गुणांचा उपयोग करून घेणारे शिक्षण आणि नामांची यादी घोकून घेणारे शिक्षण यांत महदंतर आहे.

हा प्रयोग इंग्लंडला नवा नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९६३ मध्ये तेथील सरकारने प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकविण्याचा एक मोठा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला आणि १९६४ पासून निवडक भागांतील शाळांत तो सुरू झाला. नफील्ड प्रतिष्ठानने त्यासाठी ध्वनिफिती, चित्रे आणि फलाटीवर चिकटविण्याच्या आकृत्या असे साहित्य तयार केले. शिक्षकांना खास प्रशिक्षण देण्यात आले. दहा वर्षे या मुलांचा मागोवा घेण्यात आला आणि क्लेअर बर्स्टॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष उत्साही मंडळींचा हिरमोड करणारा होता. आठव्या वर्षी प्रारंभ केलेली मुले सोळाव्या वर्षापर्यंत केवळ ऐकून समजण्यात काहीशी पुढे राहिली. वाचन व लेखन यांत अकराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांहून ती सरस ठरली नाहीत. यश आणि पालकांचा व्यवसाय यांचा संबंधही अहवालात स्पष्ट दिसला : वरच्या थरातील मुले पुढे, श्रमिकांची मुले मागे. या अहवालानंतर प्राथमिक फ्रेंचचा जोर ओसरला आणि पुढील दोन-अडीच दशके हा विषय बहुतेक शाळांतून दिसेनासा झाला.

त्या अहवालावर आक्षेपही घेण्यात आले, आणि त्यांतील एक आक्षेप आजही तितकाच मोलाचा आहे. प्राथमिक शाळेत तीन वर्षे फ्रेंच शिकून आलेल्या मुलांना अनेक माध्यमिक शाळांनी नवशिक्यांच्याच बाकांवर बसविले. ज्याला स्वयंपाकघर आणि बाजार यांचे शब्द येत होते त्याला पुन्हा ‘तुझे नाव काय’ येथून सुरुवात करावी लागली. असे झाल्यावर आरंभीचा लाभ विरून गेला तर दोष आठव्या वर्षाचा की अकराव्या वर्षीच्या शाळेचा? खेदाची गोष्ट अशी की अर्धशतकानंतरही या बाबतीत पुष्कळ ठिकाणी ‘पुन्हा येरे माझ्या मागल्या’ हाच प्रकार चालू आहे. एका माध्यमिक शाळेत दहा-पंधरा प्राथमिक शाळांतून मुले येतात. कोणी फ्रेंच शिकलेला, कोणी स्पॅनिश, कोणी नावापुरते दोन्ही. शिक्षक पाटी कोरी समजून प्रारंभ करतो, आणि ज्याला थोडे येत असते तो सर्वांत आधी कंटाळतो. त्यातच २००४ मध्ये चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकण्याची सक्ती इंग्लंडमध्ये उठविण्यात आली. परिणामी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला फ्रेंच घेणाऱ्यांची संख्या शतकाच्या आरंभी होती त्याच्या निम्म्याहूनही खाली आली. खालचा मजला बांधावयाचा आणि वरचा पाडावयाचा, असा हा कारभार आहे.

मग घर आणि गाव यांचे शब्द शिकवूच नयेत काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. या शब्दांत भाषेचे आणि समाजाचे एवढे मर्म साठलेले आहे की ते नीट उलगडून दाखविले तर यादीचाच धडा होतो. ‘खोली’ हा साधा शब्द घ्या. फ्रेंचमध्ये निजण्याची खोली ‘शांब्र’, स्नानाची किंवा जेवणाची खोली ‘साल’, आणि घरात एकूण खोल्या किती हे मोजावयाचे तर ‘प्येस’. ‘दोन प्येसचे घर’ म्हटले की स्वयंपाकघर आणि स्नानगृह त्या मोजणीत नसते, हे तेथे गृहीतच असते. ‘शे’ हे एक चिमुकले अव्यय घ्या. ‘शे म्वा’ म्हणजे माझ्या घरी. इंग्रजी मुलाला ते समजावून सांगावयास पुष्कळ खटपट पडते. मराठी वाचकाला मात्र ते एका क्षणात उमगेल, कारण आपण ‘माझ्याकडे ये’ म्हणतो आणि ‘डॉक्टरांकडे जातो’ असेही म्हणतो. फ्रेंच माणूस दोन्ही ठिकाणी हेच ‘शे’ वापरतो. तीच गोष्ट लिंगाची. तो रस्ता, ती गल्ली, ते घर, असे बोलत वाढलेल्या मुलाला निर्जीव वस्तूला लिंग असते याचे आश्चर्य वाटत नाही. इंग्रजी मुलाला ते वाटते. म्हणून ‘ल’ आणि ‘ला’ यांसह शब्द शिकविणे हे तेथे व्याकरणाचे अवडंबर नसून प्राथमिक गरज आहे. बाजाराला जावयाचे तर ‘ओ मार्शे’ आणि पाववाल्याच्या दुकानी जावयाचे तर ‘आ ला बुलांजरी’ असे का म्हणावयाचे, हे उपपदावाचून कळणारच नाही. सुटे नाम म्हणजे खुंटी नसलेला अंगरखा. तो कोठे टांगावा हे मुलाला समजत नाही.

गावाच्या शब्दांत तर फ्रान्सचा नागरिक-इतिहासच दडलेला आहे. ‘मेरी’ हा शब्द ‘नगरपालिका’ असा एका शब्दात उरकून चालत नाही. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार ग्रामघटक असून अगदी शे-दोनशे वस्तीच्या खेड्यालाही आपला निर्वाचित महापौर असतो. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद १७९२ मध्ये चर्चकडून काढून नागरी सत्तेकडे देण्यात आली. तेव्हापासून कायद्याने मान्य होणारा विवाह या कचेरीतच लागतो, धर्मविधी ज्याला हवा त्याने नंतर करावा. १८८१-८२ मध्ये झ्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले, आणि त्या काळात अनेक खेड्यांत एकाच इमारतीत मधोमध ‘मेरी’ आणि बाजूला शाळा अशी रचना झाली. इमारतीच्या दर्शनी भागावर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द दिसतात. नऊ वर्षांच्या मुलाला ही कथा चार वाक्यांत सांगता येते, आणि ती सांगितली तर ‘मेरी’ हा शब्द त्याच्या स्मरणातून सहसा जाणार नाही. ‘बुलांजरी’चेही तसेच. १९९८ च्या कायद्यानुसार जो पीठ तेथेच मळतो आणि पाव तेथेच भाजतो त्यालाच आपल्या दुकानावर ही पाटी लावता येते. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो आणि डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही. ‘ओतेल द व्हील’ ही उतरण्याची जागा नसून शहराची नगरपालिका असते. ‘लिब्रेरी’त पुस्तके विकत मिळतात, वाचावयास घरी नेण्यासाठी ‘बिब्लिओतेक’मध्ये जावे लागते. शब्दाच्या अशा फसव्या ओळखी मुलांना कोड्यासारख्या आवडतात.

येथे पाठ्यपुस्तकांच्या आणखी एका सवयीचा परामर्श घेतला पाहिजे. त्यांतील गाव बहुधा जुन्या काळात थांबलेले असते. चौकात चर्च, शेजारी पाववाला, खाटीक आणि वाणी, आणि टोपलीत पाव घेऊन चाललेली बाई. प्रत्यक्षात फ्रान्समधील पहिले महाबाजारगृह १९६३ मध्येच पॅरिसजवळ उघडले गेले आणि तेव्हापासून गावाबाहेरील या अवाढव्य दुकानांनी गावातील छोट्या दुकानांचे गिऱ्हाईक ओढून नेले. कित्येक खेड्यांत आज पाववाला उरलेला नाही. पाठ्यपुस्तकातील घरही असेच : दुमजली, स्वतंत्र, मागे बाग, वर माळा, खाली तळघर. माफक भाड्याच्या सार्वजनिक इमारतींत लक्षावधी फ्रेंच कुटुंबे राहतात, त्यांचे घर त्या चित्रात क्वचितच सापडते. चित्र सुंदर असावे हे खरे. पण ते खोटे असू नये.

घराच्या धड्यातील सर्वांत नाजूक बाब मात्र फ्रान्सशी नव्हे, वर्गात बसलेल्या मुलाशी संबंधित आहे. खोल्यांचे शब्द झाले की शिक्षक स्वाभाविकपणे सांगतात : ‘आपल्या घराचे वर्णन करा.’ ‘शे म्वा, इल या...’ म्हणजे ‘माझ्या घरी आहे...’ असे म्हणून मुलाने पुढे खोल्या मोजावयाच्या. हे वाक्य ज्याच्या घरी तीन शयनगृहे व बाग आहे त्याला सुखाचे आहे. पण २०२४ मध्ये इंग्लंडमधील दीड लाखाहून अधिक मुले स्वतःचे घर नसल्यामुळे तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. त्यांपैकी काहींचे सारे कुटुंब वसतिगृहाच्या किंवा हॉटेलच्या एकाच खोलीत होते. अशा मुलाने त्या वाक्याचा उत्तरार्ध कसा पुरा करावा? गणितात आकडे काल्पनिक असतात, इतिहासात राजे परके असतात. भाषेच्या तासाला मात्र मुलाला स्वतःचे घर सर्वांसमोर मांडावयास सांगितले जाते. परकी भाषा म्हणून त्याची बोच कमी होत नाही. यावर उपाय अवघड नाही. घर चित्रातले असावे, गोष्टीतले असावे, पक्ष्याचे किंवा राक्षसाचे असावे, किंवा मुलाने मनाने रचलेले असावे. शब्द तेच शिकले जातात आणि कोणालाही खाली मान घालावी लागत नाही. बालकाच्या प्रतिष्ठेची एवढी जपणूक ज्या धड्यात नाही, त्यात उच्चार कितीही शुद्ध असले तरी तो धडा फसला असेच म्हणावे लागेल.

याची दुसरी बाजूही आहे. लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर यांसारख्या शहरांतील वर्गांत बंगाली, गुजराती, पंजाबी, पोलिश, अरबी बोलणारी मुले असतात. त्यांपैकी अनेकांना फ्रेंच ही तिसरी भाषा असते, आणि आफ्रिकेतील फ्रेंचभाषक देशांतून आलेल्या एखाद्या मुलाला तर ती शिक्षकाहून अधिक येत असते. घराला तुझ्या भाषेत काय म्हणतात, असा प्रश्न फ्रेंचच्या तासाला विचारला गेला तर सारा वर्ग क्षणात भाषाशास्त्राच्या दाराशी येऊन उभा राहतो. इतर विषयांत मागे राहणारे मूल येथे पुढे येऊ शकते. ही संधी यादीच्या घोकंपट्टीत वाया जाते.

सर्व सुधारणांची वाट अखेर शिक्षकापाशी येऊन थांबते. प्राथमिक शिक्षकाला गणित, इतिहास, चित्रकला आणि व्यायाम शिकवून वर फ्रेंच शिकवावयाची असते. त्याची स्वतःची फ्रेंच कित्येकदा शालेय परीक्षेपुरती, वीस वर्षांपूर्वीची. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून यावे? तो नामांच्या यादीला धरून राहतो याचा दोष त्याला देणे अन्यायाचे आहे. यादी ही त्याची काठी आहे. ती काढून घ्यावयाची तर त्याच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे : प्रशिक्षण, चांगल्या ध्वनिफिती, शेजारच्या माध्यमिक शाळेतील भाषाशिक्षकाची नियमित सोबत आणि वेळापत्रकात ठाम जागा. फ्रान्सनेही २०१३ च्या कायद्यानुसार पहिल्या इयत्तेपासून परकी भाषा आवश्यक केली. तेथील बहुतेक मुले इंग्रजी शिकतात आणि अप्रशिक्षित शिक्षकाची अडचण तेथेही आहे. पण इंग्रजीला गाणी, चित्रपट आणि उद्याची नोकरी यांची बाहेरून साथ आहे. इंग्रज मुलाच्या फ्रेंचला अशी साथ नाही. तिचा सारा भार शाळेवर आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही परदेशची वार्ता वाटण्याचे कारण नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हाही ‘लवकर प्रारंभ’ हाच मुख्य युक्तिवाद होता. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लावण्याचा निर्णय शासनाने काढला, त्यावर राज्यभर वाद झाला आणि जूनअखेर त्यासंबंधीचे शासन निर्णय मागे घेऊन समिती नेमावी लागली. या वादात अस्मितेची चर्चा पुष्कळ झाली आणि ती होणे स्वाभाविकही होते. पण आठवड्याचे तास किती, शिकविणारा कोण, आणि पुढच्या इयत्तेत या शिक्षणाचे काय होणार, हे तीन रुक्ष प्रश्न त्या मानाने मागे राहिले. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत फ्रेंच शिकविली जाते. तेथेही पालकांनी ‘गुण चांगले पडतात’ एवढ्यावर समाधान न मानता हेच प्रश्न विचारावेत. नाव पालटले तरी व्याधी तीच आहे. प्रारंभाच्या वयावर आपण भांडतो आणि प्रारंभानंतरच्या दहा वर्षांचा विचार करीत नाही.

परकी भाषेतील पहिले पन्नास शब्द घराचे आणि गावाचे असावेत, यात गैर काहीच नाही. माणूस आपल्या भाषेतही तेथूनच सुरुवात करतो. पण ते शब्द उपपदासह, क्रियापदासह, वाक्यात गुंफून यावेत. त्यांच्यामागे खरी माणसे, खरी दुकाने आणि खरा इतिहास असावा. आणि पुढच्या शाळेने त्यांची नोंद घेऊन पुढचे पाऊल टाकावे. एवढे करण्याची तयारी असेल तर आठवे वर्ष लवकर नाही. ती नसेल तर आठवे काय आणि अकरावे काय, पाढे पंचावन्नच. मुलाला गावाचा नकाशा देणे सोपे आहे. त्या गावात कोणाला तरी रस्ता विचारता येईल आणि मिळालेले उत्तर समजेल इतकी भाषा त्याला देणे, हे शाळेचे काम आहे. ते काम जी शाळा अंगावर घेते तिनेच परकी भाषा शिकविण्याचे नाव घ्यावे.